काळजाचा मसाला

पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर कणसं भाजायला बसलेल्या एका मावशींच्या पायाशी सोललेल्या पानांचा ढीग पडला होता. वरची पानं हिरवीकंच, खरखरीत. आतली फिकी पोपटी, ओलसर, कणसाच्या केसांचे दोरे अजून चिकटलेली. मी कणसाला लिंबू आणि तिखटमीठ चोळून घेतलं आणि विचारलं, "मावशी, ही पानं नेऊ का थोडी?"

"न्या की. म्हशीला का?"

"नाही, कुंचा करायचाय."

कशाचा, कशाला, त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या मुठीतली मऊ पानं तेवढी काढून परत ढिगात टाकली आणि जाड शिरांची वरची पानं निवडून माझ्या पिशवीत भरली. "आतली नका नेऊ. चोळामोळा होतो त्यांचा."

हेच वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. स्पॅनिशमध्ये, पेरू देशातल्या लिमाच्या एका स्वयंपाकघरात.

कुंचा करायला पाच मिनिटं लागतात. सहा-सात पानं एकावर एक ठेवायची, देठाकडची बाजू सुतळीनं गच्च आवळायची आणि मोकळ्या टोकांना नखानं उभं चिरत जायचं. शिरा सरळ असतात, त्यामुळे पान आपसूक फाटत जातं आणि बघता बघता हातात झिरमिळ्यांचा झुबका येतो. तेलात बुडवला की झिरमिळ्यांच्या मधे तो तेल धरून ठेवतो. निखाऱ्यांवरून फिरवला की टोकं जराशी होरपळतात आणि भाजल्या कणसाचा वास तेलाबरोबर खाली मांसावर ठिबकतो. दुकानातल्या ब्रशला हे येत नाही. लिमामध्ये रस्त्याकडेला अंतिकुचो भाजणाऱ्या बायकांच्या हाती हा कुंचा दिसतो. अंतिकुचो म्हणजे मसाल्यात मुरवून, बांबूसारख्या बारीक काडीला ओवून कोळशावर भाजलेले मांसाचे तुकडे. कणसाच्या पानाला तिकडे पांका म्हणतात. ज्या मिरचीत ते मांस मुरवतात तिचंही नाव पांकाच, अही पांका. मांस मुरतं ते एका पांकात, भाजलं जातं ते दुसऱ्या पांकाखाली.

नोकरीच्या निमित्तानं मी दीड वर्ष लिमात राहिले, ब्रेन्या नावाच्या जुन्या वस्तीत. समुद्राकाठचं शहर आहे, पण वाळवंटातलं. पाऊस असा पडतच नाही. जून ते ऑक्टोबर मात्र आकाश खाली उतरून छपरांवर बसतं. रंग राखाडी, ऊन नाही, सावलीही नाही. तिथली माणसं या आकाशाला गाढवाचं पोट म्हणतात. त्या पोटातून जी भुरभुर झरते तिला गारुआ म्हणतात. ती पडते म्हणण्यापेक्षा हवेत टांगलेली असते. छत्री कुणी उघडत नाही. दोरीवरचे कपडे चार-चार दिवस दमट राहतात, मीठ डबीत दगड होतं, आणि आपल्यालाही आतून ओल आल्यासारखं वाटतं. मी ज्या आठवड्यात पोचले तो असाच होता. आठवडाभर मी सावली पाहिली नव्हती.

अशा एका संध्याकाळी कोपऱ्यावर मला जिऱ्याचा वास आला.

घरचा वास आला असं म्हणणं सोपं आहे, पण नेमकं तसं नव्हतं. फोडणीतलं जिरं वेगळं. हे जिरं आंबट होतं, लसणीत बुडालेलं, चरबीबरोबर जळत असलेलं. तरी ते जिरंच होतं. गाडीवरच्या बाई एका हातानं विणलेल्या पंख्यानं निखारे फुलवत होत्या, दुसऱ्या हातानं कुंचा फिरवत होत्या. तेल सांडलं की ज्वाळा हातभर उसळायची, आणि त्या गारुआत उभी असलेली सगळी रांग क्षणभर उजळून निघायची. लोक त्यांना 'कासेरा' म्हणत होते आणि त्याही प्रत्येक गिऱ्हाइकाला 'कासेरा', 'कासेरो', 'कासेरिता' म्हणत होत्या. नेहमीचं गिऱ्हाईक आणि नेहमीचा विकणारा, दोघांना तिथं एकच शब्द आहे. मला तो फार आवडला. आपल्याकडे मावशी म्हटलं तर उलट भाचे कुणी म्हणत नाही.

माझा नंबर आला तेव्हा मी विचारलं, हे कशाचं? त्या म्हणाल्या, "कोरासोन."

हा शब्द मला गाण्यांतून माहीत होता. हृदय. गाडीवर जे भाजलं जात होतं ते बैलाचं काळीज होतं.

माझा हात पुढे झाला नाही. किळस नव्हती, हे मला आजही नीट आठवतं. आमच्या घरी मटण होतं, कोंबडी होती, आईच्या हातची कलेजी तर मी पातेल्यातूनच खायची. पण साताऱ्याकडच्या आमच्या गावी बेंदराला ज्यांच्या शिंगांना आम्ही पोरं हिंगूळ लावायचो, ज्यांना पुरणपोळी भरवायचो, त्या बैलांचे डोळे मधे येऊन उभे राहिले. मी नुसता उकडून भाजलेला बटाटा आणि टपोऱ्या दाण्याचं कणीस घेतलं. बाईंनी पैसे घेताना काही म्हटलं नाही. काडीच्या टोकाला लावायचा बटाट्याचा आणखी एक तुकडा मात्र माझ्या कागदावर ठेवला.

ज्यांच्या घरी मी भाड्यानं राहत होते त्या सेन्योरांना घरी येऊन सांगितलं. साठीच्या होत्या. त्यांची आजी दक्षिणेकडच्या चिंचाची. चिंचाच्या शेतमळ्यांवर ऊस आणि कापूस पिकवायला आफ्रिकेतून गुलाम आणलेले होते. त्यांची पोरंबाळं पुढे तिथलीच झाली, त्यांची गाणी आणि त्यांचं रांधणं पेरूचं झालं. सेन्योरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. बैलाच्या शिंगांना रंग लावतात हे त्यांना इतकं आवडलं की तेवढं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "मग आपण कोंबडीचं करू, इहिता." इहिता म्हणजे लेकी. मला त्या पहिल्या दिवसापासून इहिताच म्हणत.

रविवारी आम्ही बसलो. अही पांका वाळलेली असते, बोटाएवढी लांब, रंग जवळजवळ काळा, उजेडाकडे धरली तर आत गर्द लाल. तिखट फार नाही. वास मनुकांसारखा, किंचित धुराचा. देठ काढायचे, पोट फाडून बिया आणि शिरा खरवडायच्या, गरम पाण्यात भिजत घालायच्या. सेन्योरांच्या परसात एक बातान होता. बातान म्हणजे त्यांचा पाटा. फरक एवढाच की आपण वरवंटा पुढे-मागे लोटतो, आणि त्यांचा वरचा दगड अर्धचंद्रासारखा, दोन्ही टोकं धरून डोलवायचा असतो. पाळणा हलवावा तसा. वजन दगडाचं, डोलावा हातांचा. मिरच्या, आठ-दहा पाकळ्या लसूण, चमचाभर जिरं. जिरं भाजायला मी तव्याकडे हात नेला तर त्यांनी मनगट धरलं. कच्चंच वाटायचं. आगीवर भाजलं जाणारच आहे, दोनदा कशाला? मग मीठ, मिरपूड, तळहातांवर चोळून टाकलेला ओरेगानो, आणि लाल द्राक्षांचं व्हिनेगर सढळ हातानं. ते वाटण विटकरी-काळं झालं, बातानवरून काढलं तेव्हा दगडावर रक्ताचा डाग पडल्यासारखं दिसत होतं.

कोंबडीचं मांडीचं मांस, बिनहाडाचं, दोन बोटं रुंद तुकडे. सगळे एका मापाचे, नाहीतर एक जळतो आणि शेजारचा कच्चा राहतो. त्यांनी वाटणाची एक वाटी आधीच बाजूला काढून त्यात तेल घातलं. कुंच्यानं लावायचं ते हे. कच्चं मांस ज्यात बुडालं त्यात कुंचा घालायचा नाही. बाकीचं सगळं मांसाला चोळून, भांड्यावर ताटली ठेवून त्या उठल्या. "काळीज असतं तर उद्यापर्यंत ठेवलं असतं. कोंबडीला तीन तास पुरे. जास्त ठेवलं तर व्हिनेगर तिला खाऊन टाकेल."

तीन तास आम्ही काहीच केलं नाही. काड्या पाण्यात भिजत पडल्या होत्या, मांस मसाल्यात मुरत होतं.

मुरणं हा शब्द मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. लोणचं मुरतं, पाणी जमिनीत मुरतं, एखादा माणूस आपल्या कामात मुरलेला असतो. काहीतरी बाहेरचं आत जातं आणि नंतर ते बाहेरचं होतं हे ओळखता येत नाही. स्पॅनिशमध्ये मला यासाठी एक शब्द सापडेना, तीन-चार वापरावे लागले. सेन्योरा म्हणाल्या, कळलं, आजी माझी तशी होती. अजून एक गंमत मी त्यांना सांगितली. आमच्या भाषेत एका फळाचं नाव पेरू आहे. कोणतं फळ? ग्वायाबा. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, पेरू, पेरू, आणि बाजारात गेल्या की माझ्यासाठी ग्वायाबा आणायला लागल्या. घरात पिकल्या पेरूंचा वास दरवळायचा. बटाटा तर त्यांच्याच डोंगरातला. आंदीजच्या उंचावर माणसांनी तो हजारो वर्षं जोपासला, पोर्तुगीजांच्या जिभेवरून त्याचं नाव आपल्याकडे आलं. उपासाला चालणारा, वड्यात घालायचा, इतका आपला झालेला, की तो परका होता हे सांगितलं तर आमच्या गावात कुणी विश्वास ठेवणार नाही. हाही मुरलेलाच.

आणि व्हिनेगर-लसूण. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, 1535 मध्ये स्पॅनिशांनी लिमा वसवलं. शेजारशेजारचे दोन देश, पंचवीस वर्षांच्या अंतरानं एक पूर्वेला गेला, एक पश्चिमेला. दोघांच्या जहाजांवर मांस टिकवायची रीत सारखीच होती, आंबट आणि लसूण. गोव्यात ती माडाच्या व्हिनेगरमध्ये शिरून विंदालू झाली. लिमात तिला अही पांका भेटली. जिरंही स्पॅनिशांबरोबरच तिकडे गेलं. कोपऱ्यावर मला आलेला तो वास म्हणजे दूरच्या चुलत्यानं हाक मारावी तसा होता. नातं खरं, पण चेहरा ओळखीचा नाही.

संध्याकाळी परसात कोळसा पेटवला. निखाऱ्यांवर पांढरी राख चढेपर्यंत त्यांनी जाळी ठेवू दिली नाही. कोंबडी चांगली झाली. मऊ, कडांना काळसर, आतून रसाळ. मी चार काड्या खाल्ल्या. तरीसुद्धा जिभेवर काहीतरी उरत होतं. मसाला मांसापेक्षा मोठा वाटत होता. कोंबडी गेली, तो मागे राहिला. पाहुण्याला दुसऱ्याचा अंगरखा घालायला द्यावा, तो शोभावाही, पण खांदे मात्र ज्याच्यासाठी शिवला त्याचे दिसत राहावेत, तसं.

ते खांदे कुणाचे हे मला नंतर हळूहळू कळत गेलं. लिमात कुणालाही विचारा, सांगतात की मालक जनावराचं चांगलं मांस घ्यायचा आणि काळीज, आतडी, वजडी गुलामांकडे टाकायचा. वजडीही त्या गाड्यांवर मिळते, तिला ते राची म्हणतात. काळजात चरबी फारशी नाही. जन्मभर एक क्षण न थांबता काम केलेला तो स्नायू, घट्ट आणि चिवट. त्याला आंबटात रात्रभर ठेवावं लागतं, जिऱ्यानं त्याचा उग्रपणा झाकावा लागतो, पातळ कापून चटकन भाजावं लागतं. प्रत्येक घटकाला कारण आहे, आणि ती सगळी कारणं काळजात आहेत. पेरूमध्ये गुलामगिरी 1854 मध्ये रद्द झाली. रिकार्दो पाल्मानं जुन्या लिमाबद्दल लिहिलंय की तिथं फेरीवाल्यांच्या आरोळ्यांवरून लोकांना वेळ कळायची, आणि दुपारचे तीन ही अंतिकुचोवाल्याची वेळ होती. ज्यांना टाकलेलं मिळालं त्यांनी ते असं रांधलं की अख्खं शहर त्यावर घड्याळ लावायला लागलं.

हे वाचताना मला शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आठवत राहिलं. 2015 मध्ये ते आलं तेव्हा मी ते वाचलं होतं. मराठवाड्यातल्या दलित घरांतली रक्ती, वजडी, उन्हात वाळवलेल्या चान्या, तेलातुपाशिवाय कसं रांधायचं, सगळं त्यात आहे. वाचताना मला जाणवलं होतं की आमच्या गावातही असे वास होते, आणि ते कुठल्या दिशेनं येतात हे आम्हा पोरांना माहीत होतं. त्या दिशेला आम्ही जेवायला कधी गेलो नाही. कुणाला 'जाऊ नका' असंही म्हणावं लागलं नाही. त्या घरांतल्या बायकांच्या हाताला काय चव होती हे मला ठाऊक नाही, आणि आता त्यातल्या बऱ्याचजणी नाहीत. लिमातल्या रांगेत माझा हात पुढे झाला नाही तेव्हा मला बैलाचे डोळे आठवले होते. ते खरंच होतं. पण तेवढंच होतं का, हे मी नंतर स्वतःला बरेचदा विचारलं.

ऑक्टोबरमध्ये लिमा जांभळं होतं. चमत्कारांच्या प्रभूची मिरवणूक निघते, बायका जांभळे झगे घालून, कमरेला पांढरी दोरी बांधून चालतात. ही मूर्ती मुळात एका मातीच्या भिंतीवरचं चित्र आहे. 1651 मध्ये अंगोलाहून आणलेल्या एका गुलामानं ते काढलं. 1655 च्या भूकंपात आजूबाजूचं सगळं पडलं, ती भिंत उभी राहिली. पुढे 1687 च्या भूकंपानंतर त्या चित्राची प्रत रस्त्यावर आणली, ती प्रथा आजही चालू आहे. चित्र काढणाऱ्याच्या हातांचा विचार करत मी त्या गर्दीत उभी होते. पुढे धूपदान घेतलेल्या बायका उलट्या पावलांनी, मूर्तीकडे तोंड करून चालत होत्या. कडेला ओळीनं गाड्या. रताळं आणि भोपळ्याच्या पिठाची कडी तळून काकवीत बुडवत होते. आणि सगळीकडे निखारे. उदाचा धूर आणि काळजाचा धूर मिसळत होता, कुठला कुठे संपतो ते सांगता येत नव्हतं.

सेन्योरा माझ्या शेजारी होत्या. त्यांनी काडी घेतली, स्वतः दोन तुकडे खाल्ले, आणि तिसरा काडीच्या टोकाशी ओढून ती काडी हातात नुसती धरून राहिल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, त्या मिरवणुकीकडे पाहत होत्या. ती काडी आमच्या दोघींच्या मधे होती.

मी तो तुकडा खाल्ला.

त्याला धागे नव्हते. कोंबडीसारखं ते सुटत नव्हतं, दाताखाली एकदम कापलं जात होतं, घट्ट आणि स्वच्छ. आंबटपणा त्याच्या आत जाऊन बसला होता, वर राहिला नव्हता. जिरं जिथं असायला हवं तिथं होतं. मिरची गोड लागत होती. अंगरखा आणि अंग एकच झालं होतं. डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं असावं, कारण सेन्योराही डोळे पुसत होत्या. मी आणखी मागितलं नाही. बैलाचे डोळेही मिटले नाहीत, आहेत तिथं आहेत.

इकडे परत आल्यावर मी कोंबडीचंच करते. अही पांका मिळत नाही. ब्याडगी मिरची घेते. रंग बराचसा जमतो, तिखटपणाही बेताचा, फक्त तो मनुकांचा वास नसतो, म्हणून चार काळ्या मनुका भिजवून वाटणात घालते. व्हिनेगर गोव्याहून येणाऱ्या मैत्रिणीकडून, माडाचं. बातान नाही, आजीचा पाटा आहे. वरवंटा डोलवून पाहिला, तो डोलत नाही, त्याला लोटावंच लागतं. त्यानं बिघडत काही नाही.

सिंहगडाच्या पानांचा कुंचा त्या रविवारी तयार केला. गच्चीवर लोखंडी शेगडी, पाऊस थांबलेला, आई खुर्चीत शाल पांघरून बसलेली. तिनं ऐंशी ओलांडली आहे, पण मसाल्याच्या बाबतीत तिची जीभ अजून कुणाचं ऐकत नाही. पहिल्या काडीवरचा तुकडा मी फुंकून तिच्या हातात दिला. तिनं तो सावकाश चावला. बराच वेळ चावला. मग दुसरा मागितला.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "पण अगं, हा मसाला कोंबडीचा नाही."

"म्हणजे?"

"कोंबडी बिचारी मऊ. तिला एवढं आंबट कशाला? हा कुठल्यातरी निबर मांसासाठी केलेला मसाला आहे." तिनं बोटं चाटली आणि माझ्याकडे पाहिलं. "कशाचा गं?"

निखाऱ्यांवरची राख पुन्हा दाट झाली होती. मी पंखा उचलला. कुंचा तेलात बुडवला, झिरमिळ्या तेल पिऊन जड झाल्या. जाळीवर तो फिरवला तशी ज्वाळा उसळली आणि आईचा चेहरा उजळला. ती अजून माझ्याकडेच पाहत होती. मी शेगडीजवळचं स्टूल ओढून तिच्या पायाशी बसले.

"सांगते," मी म्हटलं.